सातवा वाटेकरू

१

सकाळचं ऊन टेबलाच्या कोपऱ्याला लागलं की मी शाईची बाटली उघडते. ही शिस्त दादाने लावलेली. तो स्वतः कुठलीच शिस्त पाळत नाही, पण मला लावली आणि तिच्यावर माझं आयुष्य उभं राहिलं. त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे. त्याच्या तोंडावर मात्र हे मी कधी बोलणार नाही, कारण तो लगेच म्हणेल, "मग चहा टाक."

दादा चित्रकथा काढतो. तो पेन्सिलने चित्र काढतो आणि त्याच्या पेन्सिलीवर मी शाई चढवते. शाई वाळली की पेन्सिल खोडायची आणि पान छापायला पाठवायचं. लोकांना वाटतं मी नुसतं गिरवते. आमची मावशी तर अजूनही विचारते, "एवढी मोठी झालीस, अजून गिरवतेच आहेस का गं?" मी हो म्हणते. तिच्याशी वाद घालायच्या वेळात एक पान पूर्ण होतं.

जिथे पूर्ण काळं भरायचं असेल तिथे दादा पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवतो. आमच्या धंद्यात सगळीकडे हीच खूण चालते. फुली दिसली की भरायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. सुरुवातीला मी फार विचारायचे. तेव्हा तो म्हणायचा, "शाईबाई, तू विचार करायला लागलीस की कागदावर डाग पडतो."

दादा डावखुरा आहे. त्याच्या छायेच्या रेघा डावीकडे वर सुरू होतात आणि उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा याच्या उलट, खालून वर चढत जातात. शिवाय डाव्या हाताची कड ओढली जाते, म्हणून दादाच्या प्रत्येक पानावर एक करडा, पुसट पट्टा असतो. मी इतकी वर्षं त्या पट्ट्याला शिव्या घालत तो खोडत आले आहे.

त्या दिवशी मी पान समोर घेतलं, कुंचला बुडवला आणि हात तसाच राहिला. आमच्या चित्रकथेतल्या हुलकोबाच्या झग्यावरच्या रेघा खालून वर चढत होत्या. पान अगदी स्वच्छ होतं, कुठेही पट्टा नव्हता.

२

दादा दवाखान्यातून घरी येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याचं हृदय मध्येच थांबलं होतं. डॉक्टर भला माणूस. तो मला म्हणाला, "खरं सांगू का ताई, आम्ही हात टेकले होते. मग ते आपलं आपणच सुरू झालं. मी सुरू केलं असं सांगायला मला आवडलं असतं." मी त्याचा हात धरून इतकी रडले की शेवटी नर्सने मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. त्या दोघांचे चेहरे मी कधी विसरणार नाही.

घरी आल्यापासून दादा पलंगावर बसून, मांडीवर फळी घेऊन काढत होता. डावा हात पूर्वीसारखा चालत होता. उजव्या हातातला जोर मात्र गेला होता. त्या हाताने त्याला चमचासुद्धा धरवत नव्हता.

मी पान घेऊन त्याच्या खोलीत गेले. "दादा, या रेघा कुणी काढल्या?"

"मी. दुसरं कोण येतंय इथे? मावशी?"

"उलट्या आहेत."

त्याने चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "फळी आडवी धरली असेल गं. झोपून काढलं की असं होतं."

म्हणणं पटण्यासारखं होतं. टेबलाशी परत येऊन मी एक कोरा कागद आडवा धरला आणि दादासारख्या रेघा मारल्या. कागद सरळ केल्यावर त्या खरंच उलट्या चढत होत्या. जीव भांड्यात पडला. पुसट पट्ट्याचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. कधी नव्हे ते स्वच्छ पान मिळालं होतं आणि भाऊ जिवंत होता. एवढं मिळाल्यावर खुसपटं काढत बसणं मला शोभलं नसतं.

३

ज्यांनी हुलकोबा वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हुलकोबा हा आमच्या चित्रकथेतला लबाड देव. थापा मारायच्या, वेष बदलायचे, सरळ चाललेल्या माणसाला भलत्याच गल्लीत नेऊन सोडायचं, हे त्याचे उद्योग. मोठे देव त्याला वैतागतात आणि ठार मारायचं ठरवतात. तेव्हा हा पठ्ठ्या आपली सगळी शक्ती मोडतो आणि सहा साध्यासुध्या माणसांत वाटून टाकतो. पाववालीला त्याची पावलं मिळतात, त्यामुळे ती आलेली कोणाला कळत नाही. शिंप्याला त्याचे चेहरे मिळतात. घड्याळजीला उशीर करण्याची कला मिळते, म्हणून मरणसुद्धा त्याच्या दाराशी पोचतं तेव्हा उशीर झालेला असतो. असे सहाजण त्याचे वाटेकरू. वाटे त्यांच्याकडे आहेत तोवर देव मरत नाही, आणि देव जिवंत आहे तोवरच वाटे चालतात.

गोष्ट लेखकाची, पण चेहरा दादाने दिला. लांब नाक, एक भुवई वर, आणि तोंड असं की आता हसेल की रडेल ते कळू नये. दादा पंचवीसेक वर्षं रोज तो चेहरा काढत होता. आरशात स्वतःचा चेहराही त्याने इतक्यांदा पाहिला नसेल.

एके दुपारी मी शाई वाळायची वाट बघत बसले होते. रस्त्यावरही सामसूम होती. दादाच्या खोलीतून पेन्सिलीचा आवाज येत होता. तो आवाज माझ्या इतक्या सवयीचा आहे की एरवी मला तो ऐकूही येत नाही. त्या दिवशी आला, कारण तो वेगळा होता. दादा रेघ ओढतो. ओढलेल्या रेघेचा आवाज लांब आणि मऊ असतो. आत कुणीतरी रेघा ढकलत होतं. आखूड, भराभर, खरखर करत.

मी उठले. दाराशी पोचले तसा आवाज थांबला. दादा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. डावा हात गालाखाली होता. फळी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पडली होती आणि तिच्यावरून पेन्सिल हळूहळू घरंगळत होती. ती कडेला येऊन खाली पडली.

पंख्याचा वारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वर बघितलं तर पंखा बंद होता. मग म्हटलं, दादाने झोपेत कूस बदलली असेल. पेन्सिल उचलून मी फळीवर ठेवली. ती गरम होती, आताच कुणाच्या तरी बोटांतून सुटल्यासारखी.

४

त्याच आठवड्यात संपादकबाईंचा फोन आला. बाई बोलायला तिखट, पण त्यांचे आमच्यावर मोठे उपकार आहेत. दादा दवाखान्यात होता तेव्हा वरच्यांचं न ऐकता त्यांनी मालिका थांबवून ठेवली, दुसऱ्या चित्रकाराच्या हाती जाऊ दिली नाही. तेव्हापासून त्यांना नाही म्हणायची माझी छाती होत नाही.

"हुलकोबाला मारायचंय," त्या म्हणाल्या. "लेखकाचं लिहून झालंय. छान मारायचंय पण."

मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "छान म्हणजे काय? गुदगुल्या करून?"

लेखकाने पाठवलं होतं ते असं. वाटेकरू एकेक करून आपले वाटे परत देतात. देव पुन्हा अख्खा होतो, आणि अख्खा झाला म्हणून मरतो. शेवटचं चित्र पानभर. भोवती सहाजण उभे, मध्ये हुलकोबा, नखशिखान्त काळा. त्याच्या अंगावर जागोजागी फुल्या मारायच्या आणि मी त्या भरायच्या.

दादाने तो कागद दोनदा वाचला.

"वाटे परत देतात म्हणे," तो म्हणाला. "त्यांना कुणी विचारलं?"

"दादा, कागदावरची माणसं आहेत ती."

"हं." त्याने चष्मा काढला. "तुला एक सांगू? हसायचं नाही. दवाखान्यात ते सगळे माझी छाती दाबत होते ना, तेव्हा कानाशी कुणीतरी विचारलं, अर्ध्या वाट्यात चालेल का?"

"कोण? डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला घासाघीस करेल?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, चालेल. पान अपुरं राहिलं होतं गं." तो लहान मुलासारखा ओशाळला. "आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पण ओळखला."

औषधांनी माणसाला काहीबाही ऐकू येतं, हे मला माहीत होतं. मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली आणि स्वयंपाकघरात येऊन नळ सोडून उभी राहिले. भीती वाटत होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. ज्याने कुणी विचारलं असेल त्याला माझ्या भावाची किंमत कळली होती, आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट येईना.

५

शेवटचं पान नेण्यासाठी संपादकबाई दुपारी स्वतः येणार होत्या. सकाळी मी ते फळीवरून काढून टेबलावर आणलं. सगळ्या रेघा चढत्या होत्या. दादासारखी उतरती रेघ अख्ख्या पानावर एकही नव्हती. आणि हुलकोबाच्या भोवती सातजण उभे होते.

"दादा," मी इथूनच ओरडले, "वाटेकरू किती काढलेस?"

"सहा. का?"

"काही नाही."

सातवा कडेला, पाठमोरा होता. वाकलेली मान, एक खांदा खाली उतरलेला, सैल सदरा. तो सदरा मी गेल्या आठवड्यात वाळत घातला होता.

दादा गंमत करतोय, असं ठरवून मी कामाला लागले. दुसरं काय करणार होते? बाई येणार होत्या. मोठं काळं भरताना मी पान उलटं, डोकं खाली नि पाय वर असं फिरवून घेते. म्हणजे चेहरा ओळखू येत नाही, नुसता आकार दिसतो आणि हात चालतो. हुलकोबाची पावलं वर आली. तिथे फुली होती. फुली दिसली की भरायचं. मी भरलं.

"अगं," आतून दादा म्हणाला, "पाय एकदम गार पडलेत. चादर दे ना."

"आले." माझा कुंचला ओला होता. ओला कुंचला खाली ठेवू नये, हीसुद्धा त्याचीच शिस्त. मी गुडघ्यांपर्यंत भरत आणलं.

"शाईबाई." आता त्याचा आवाज खाली गेला होता. "गुडघ्याखाली काही जाणवतच नाहीये मला."

मी धावले. त्याची पावलं हातात घेतली तर ती फरशीसारखी होती. नखं काळवंडली होती. मी चोळली, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली, चादरीत गुंडाळली. त्यांना ऊब येईना. दादा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत मला कधी न दिसलेली विनवणी होती. डॉक्टरांना फोन लावायला मी बाहेर आले. फोन टेबलावर होता. त्याच्या शेजारी ते पान होतं, उलटं, गुडघ्यांपर्यंत काळं.

मी शिकलेली बाई आहे. अशक्त हृदयाच्या माणसाचे पाय गार पडतात, हे मला कळतं. ते त्याच मिनिटाला का पडले यालाही कारणं देता येतात. मी ती मनातल्या मनात देत होते आणि माझे हात चुका झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली उघडत होते. पहिला हात दिला. खालची शाई वर आली आणि सगळं करडं झालं. दुसरा हात दिला. तो वाळायच्या आत तिसरा.

"आई गं!" आतून दादा कळवळला. "मुंग्या! पायात मुंग्या आल्यात! अगं, केवढ्या मुंग्या!"

माझ्या भावाच्या ओरडण्याने मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि कुणाला ते ठाऊक नसताना दहादा धन्यवाद म्हटलं. मग फोन केला, डॉक्टर येऊन बघून गेला. रक्त नीट खेळत नव्हतं, आता खेळतंय, असं म्हणाला. दादाच्या नखांवरचा करडेपणा मात्र अजून गेलेला नाही.

६

दादाला झोप लागली. बाई यायला थोडाच वेळ होता आणि पान तसंच पडलं होतं. लेखकाचं म्हणणं, देव काळा करायचा. मी त्याला हातही लावला नाही. मी बाकीचं सगळं काळं केलं. आकाश, जमीन, मागचं दार, सगळं. मध्ये हुलकोबाच्या आकाराचा कोरा कागद उरला आणि त्यात त्याची फिकट पेन्सिल. सातव्याच्या पाठीच्या कडेवरून मी इतक्या जपून शाई फिरवली की माझी बोटं आखडली. आणि आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल न खोडता पान पूर्ण झालं असं म्हटलं.

बाई आल्या, पान उचलून खिडकीशी गेल्या. "हे काय? मी काळा मागितला होता."

"जमलं नाही," मी म्हटलं. तुमच्यामुळे आम्ही आज उभे आहोत, तुम्हाला नाही म्हणताना मला लाज वाटते, हेही मी सांगून टाकलं. "पण याला काळं करायला सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग पुन्हा पानाकडे. "हा मेलाय का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"गेलाय असं वाटतं." त्यांनी पान थोडं लांब धरलं. "नाही. उभा आहे असं वाटतं. इथेच कुठेतरी." त्यांनी नकळत खोलीकडे नजर फिरवली. "आणि हा सातवा कोण? लेखकाने सहाच दिलेत."

"लेखकाला मोजता येत नाही!" आतून आवाज आला.

बाई खळखळून हसल्या. "दादांचा आवाज किती खणखणीत झालाय हो! बरं, राहू दे असंच. वाचक भांडत बसतील, मेला की नाही मेला. भांडू देत." पान कापडी पिशवीत घालून त्या गेल्या. जिना उतरताना त्या दोनदा मागे वळून बघताना मला दिसल्या.

मी आत गेले. दादा तोंड उघडं टाकून घोरत होता. ते सोंग नव्हतं. दादा झोपेचं सोंग आणतो तेव्हा त्याच्या पापण्या हलतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

७

वाचक अजून भांडताहेत. आम्हाला नवं काम मिळालंय, दुसरी गोष्ट, दुसरी माणसं. दादा बरा आहे. संध्याकाळी गॅलरीत चार पावलं चालतो, माझ्या चहाला नावं ठेवतो, मावशीची नक्कल करून मला हसवतो. काही पानांवर रेघा उतरत्या असतात आणि पुसट पट्टा असतो. काही पानांवर चढत्या असतात आणि पान स्वच्छ असतं. मी दोन्हीवर सारख्याच प्रेमाने शाई चढवते. कोणती पानं जास्त असतात, ते बघायचं मी टाळते.

परवा दुपारी खरखर ऐकू आली तेव्हा मी अनवाणी गेले आणि दार ढकललं नाही, फटीतून बघितलं. दादा झोपला होता. फळी त्याच्या कुशीला टेकलेली होती आणि त्याचा उजवा हात, ज्याला चमचा धरवत नाही तो, झरझर काढत होता. मनगट दादाचं नव्हतं. ते फार लांब होतं आणि सदऱ्याच्या बाहीतून हवं त्याहून पुढे आलेलं होतं. मला पुढचं बघायचं होतं आणि बघवत नव्हतं.

"थँक्यू," मी दाराबाहेरून म्हटलं. "दादाला ठेवल्याबद्दल."

हात थांबला. जरा वेळाने पुन्हा चालू झाला.

दुपारी दादा झोपला की मी त्याचा श्वास ऐकते. ही सवय दवाखान्यापासूनची. तो एक श्वास घेतो, सोडतो आणि थांबतो. खूप वेळ थांबतो. पूर्वी अशा वेळी मी त्याच्या नाकाशी बोट धरायचे. आता धरत नाही, कारण तो थांबलेला असताना खोलीत श्वास चालूच असतो, पलंगाच्या पलीकडच्या बाजूने. मग तो थांबतो आणि दादाचा सुरू होतो. दोघांची पाळी कधी चुकत नाही.

आमचा पलंग रुंद आहे, आईवडिलांच्या वेळचा. दादा हल्ली त्याच्या एका कडेला झोपतो, आणि कालच्यापेक्षा आज किंचित जास्त कडेला. तो पडू नये म्हणून मी त्या बाजूला खुर्ची लावून ठेवते. मग पांघरूण घेते, आधी दादाच्या अंगावर घालते आणि तसंच पुढे मोकळ्या गादीवर पसरवत नेते. तिथे ते गादीला टेकत नाही. मी पलीकडे जाते, त्याही बाजूने ते नीट खोचते आणि कामाला बसते.